बोटीचं वायरिंग: हीट श्रिंक स्लीव्ह नक्की कशी बसवायची? लायटरने जळते, आत पाणी जातं

गंगापूर_बॅकवॉटर (प्रश्न)

१६ फुटी फायबरची बोट आहे, मागे २५ एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड इंजिन. एरवी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला असते, पण डिसेंबरनंतर ट्रेलरवर घालून कोकणात खाऱ्या पाण्यात न्यायचीय. त्याआधी १२ व्होल्टचं सगळं वायरिंग नव्याने करतोय. बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा, ३ अँपिअर) आणि त्याचा फ्लोट स्विच (पाणी वाढलं की पंप चालू करणारा), पुढचे लाल-हिरवे दिवे, मागचा पांढरा, हॉर्न, एक चार्जिंग सॉकेट आणि बॅटरीपासूनची २५ चौरस मिमीची मुख्य केबल. बाकी सगळीकडे अडीच चौरस मिमीची वायर.

जुने जॉइंट पीळ देऊन टेप मारलेले होते. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन टेप सुटली आणि आतलं तांबं काळं पडलं. म्हणून या वेळी हीट श्रिंक (तापवली की आकसून वायरवर घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी). अंबडच्या एका इलेक्ट्रिक पॅनेलवाल्याकडून काळी पातळ स्लीव्ह १० मीटर आणली, दोनास एक (म्हणजे निम्म्या व्यासापर्यंत) आकसणारी. लायटरने बसवून पाहिली तर एक बाजू करपते, दुसरी सैल राहते, आणि शेजारच्या वायरचं पीव्हीसी फुगतं.

प्रश्न तीन. लायटर चालतो का, की हीट गनच घ्यावी? ही स्लीव्ह पाणी अडवेल का? आणि फ्लोट स्विचच्या ठिकाणी दोन वायर एकीला जोडायच्या आहेत, तिथे स्लीव्ह कशी बसवायची?

---

अंबड_पॅनेलवाला

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. तुमच्याकडची स्लीव्ह पाणी अडवणार नाही. पॅनेलमध्ये ती इन्सुलेशनला आणि रंगाच्या खुणेला वापरतात, तिच्या आत ग्लू नसतो. ती कितीही घट्ट बसली तरी वायर आणि स्लीव्हमध्ये केसाएवढी फट उरते, आणि पाण्याला तेवढी पुरते. एकदा ते तांब्याच्या बारीक तारांपर्यंत पोचलं की वातीतून तेल चढावं तसं वायरच्या आत फूटभर वर चढतं. जॉइंट कापून नवा केला तरी पुढचं तांबं काळंच निघतं, ते त्यामुळे.

तुम्हाला हवी ती दुहेरी भिंतीची, ग्लूवाली, तीनास एक आकसणारी स्लीव्ह. ओळखायला सोपी आहे: भिंत जाड, हाताला कडक, आतून चकचकीत. शंका असली तर सेंटिमीटरभर तुकडा नुसताच तापवा. तोंडाशी पारदर्शक चिकट कडा वितळलेली दिसली पाहिजे.

माप निवडताना दोन आकडे बघा. आकसण्याआधीचा आतला व्यास जॉइंटच्या सगळ्यात जाड भागावरून जायला हवा. पूर्ण आकसल्यावरचा व्यास वायरच्या सगळ्यात बारीक भागापेक्षा कमी हवा. अडीचची वायर इन्सुलेशनसकट साधारण ३.७ मिमी भरते, आणि त्यावरचा उघडा बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं समोरासमोर घालून दाबायची धातूची नळी) ४ ते ४.५. म्हणजे ६.४ मिमीची स्लीव्ह घ्या, ती आकसून २.२ च्या आसपास येते. स्लीव्ह मूळ व्यासाच्या ८० टक्क्यांपेक्षाही खाली यावी लागेल असंच माप धरा. जेमतेम बसणारी घेतली तर ती आकसतच नाही, आणि आकसली नाही तर ग्लूवर दाब येत नाही.

लांबीचा हिशेब: कनेक्टर १५ मिमी, दोन्ही बाजूंना वायरच्या इन्सुलेशनवर १५-१५, झाले ४५. स्लीव्ह लांबीतही ५ ते १० टक्के आकसते, म्हणून ५० ला कापा. ही स्लीव्ह बहुतेक १.२ मीटरच्या कांडीत मिळते, एका कांडीत असे २४ तुकडे निघतात. तुमच्या कामाला ६.४ च्या दोन कांड्या, ९.५ ची एक (फ्लोट स्विचच्या जोडणीला) आणि १९ ची एक (बॅटरीच्या केबलला) पुरे.

कापायला धारदार कटर किंवा चांगली कात्री. पकडीने चावून तोडू नका. कडेला बारीक खाच राहिली तर आकसताना तिथूनच स्लीव्ह उभी फाटते.

आता गरम करणं. लायटरची पिवळी ज्योत काजळी सोडते आणि एकाच बाजूने भाजते. जेटवाला निळ्या ज्योतीचा लायटर तर त्याहून वाईट, क्षणात भोक पाडतो. स्लीव्ह पूर्ण आकसायला १२० ते १२५ अंश पुरतात, ज्योत त्याच्या कितीतरी पटीने गरम असते. हीट गन घ्या, तापमान बदलता येणारी. ३०० ते ३५० अंशांवर ठेवा, नोझल ५ ते ७ सेंमी लांब, आणि हात सतत फिरता. पुढे वाकडा पत्र्याचा रिफ्लेक्टर लावला तर हवा मागच्या बाजूनेही फिरते आणि शेजारच्या वायरी वाचतात. हस्तकलेची छोटी ३०० वॅटची गन ६.४ ला चालेल, बॅटरीच्या थिंबलला (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा, बोल्टचं भोक असलेला धातूचा तुकडा) नाही. केस वाळवायच्या ब्लोअरचा विचार सोडा, ग्लू वितळेल एवढा तो तापत नाही.

दिशा: बट जॉइंटला मधून सुरू करून एकेका टोकाकडे जा. आधी दोन्ही टोकं आकसवली तर मधे हवा कोंडते, तिथे फुगा येतो. थिंबलला थिंबलच्या बाजूने सुरू करून वायरकडे या.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते हे: स्लीव्ह आकसली म्हणजे काम झालं असं नाही. बाहेरची भिंत पंधरा सेकंदांत बसते. आतलं तांबं आणि कनेक्टर मात्र अजून थंडच असतात, उष्णता ओढून घेत असतात. ग्लू त्या थंड पृष्ठभागाला लागून तिथेच गोठतो, चिकटत नाही. बाहेरून देखणा जॉइंट, आत सैल. आकसल्यावरही गन फिरवत राहा, दोन्ही तोंडांतून मिलिमीटर-दीड मिलिमीटर ग्लूची अखंड कडी बाहेर येईपर्यंत. वळसा पूर्ण दिसला पाहिजे. एका बाजूला आली आणि मागे नाही, तर मागून परत गरम करा. थंडीत सकाळी काम करणार असाल तर आधी नुसत्या जॉइंटवर दहा-पंधरा सेकंद गन धरा, मग स्लीव्ह त्यावर सरकवा. निफाडकडचा गारठा माहीत आहेच.

गरम असताना वायर वाकवू नका, ओढून बघू नका, पाण्यात बुडवून गार करू नका. दोन मिनिटं तशीच राहू द्या.

---

डाग_मारतो_सातपूर

वरचं सगळं मान्य. फक्त मी क्रिंपऐवजी (कनेक्टर पकडीने दाबून जोडण्याऐवजी) सोल्डर मारून वर स्लीव्ह घालीन. कथलाने तारा एकजीव होतात, पाणी आलं तरी वर चढायला वाट राहत नाही. क्रिंपमध्ये तारांच्या मधे जागा उरतेच.

---

खाडीकाठ

बोटीवर नुसता सोल्डर नको. कारण गंजाचं नाही, हादऱ्यांचं आहे. कथील तारांमध्ये शोषलं जाऊन इन्सुलेशनच्या आत थोडं वर जातं. तेवढा भाग सळईसारखा कडक होतो आणि जिथे कडक भाग संपून मऊ सुरू होतो, नेमकं तिथे आउटबोर्डच्या थरथरीने एकेक तार तुटते. स्लीव्हच्या आड असल्याने दिसतही नाही. बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एबीवायसी संस्थेचं विद्युत कामाचं ई-११ मानक म्हणतं की जोडणीची यांत्रिक मदार एकट्या सोल्डरवर असू नये. बॅटरीच्या लगला (थिंबलला) तेवढी अटींसह सूट आहे.

क्रिंपमध्ये जागा उरते म्हणाल, तर योग्य डायने (पकडीच्या जबड्यातल्या साच्याने), रॅचेट पकडीने दाबलेल्या क्रिंपमध्ये तारा चेपून जवळजवळ घन होतात. घराच्या वायरिंगवाल्याकडे असते ती साधी दाबायची पकड वापरली तर मात्र तुमचं बरोबर आहे. रॅचेट पकड पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही, म्हणून प्रत्येक क्रिंप सारखा येतो. दाबल्यावर दोन्ही बाजू धरून जोरात ओढून पाहा, आणि हे स्लीव्ह सरकवण्याआधी.

बाजारात पारदर्शक नळीत मधे कथलाचा कडा असलेल्या सोल्डर स्लीव्ह मिळतात, जाहिरातीत फार छान दिसतात. त्यातलं कथील बहुतेक बिस्मथमिश्रित, १३८ अंशांना वितळणारं आणि ठिसूळ. त्यांना क्रिंप नसतो. बिल्ज पंपाला तर लावूच नका.

तयार हीट श्रिंक बट कनेक्टर मात्र चांगले, त्यात क्रिंप आणि ग्लूवाली स्लीव्ह एकत्र येते. लाल दीडपर्यंत, निळा दीड ते अडीच, पिवळा चार ते सहा. पण त्यांची डाय वेगळी, गोल कडांची असते. साध्या इन्सुलेटेड कनेक्टरच्या डायने दाबलं तर नळीला भोक पडतं. क्रिंप केल्यावर नळी उजेडासमोर धरून बघा, टोचलेली असली तर कापून नवा लावा. वरून टेप मारून ते भरत नाही.

आणि तुमचं काळं तांबं. ते घासून चकचकीत होत नाही, तारा आतूनच काळ्या झालेल्या असतात. लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे मागे कापत जा. फूट-दीड फुटात लागलं नाही तर ती वायर पूर्ण काढा. काळ्या तांब्यावर क्रिंप केला तर रोध वाढतो, जॉइंट तापतो, त्या उष्णतेने ग्लू मऊ होतो आणि पाणी परत आत. खाऱ्या पाण्यात न्यायची आहे तर नवी वायर कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. घरगुती एफआर (आग पसरू न देणारी) वायर उघड्या तांब्याची असते, खाडीत ती फार टिकत नाही.

वायर दीडची न घेता अडीचची घेतलीत ते बरोबरच. पंपापर्यंत ५ मीटर जाऊन ५ मीटर परत, म्हणजे १० मीटर तार. अडीचच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ७.५ मिलिओहम, तर ३ अँपिअरला ०.२२ व्होल्ट पडतात, २ टक्क्यांच्या आत. दीडच्या तारेने हेच ०.३८ च्या आसपास, ३ टक्के ओलांडून.

---

गंगापूर_बॅकवॉटर

धन्यवाद. दोन गोष्टी अजून. बॅटरीच्या २५ च्या केबलला थिंबल लावतो, तिथे माप कुठलं? आणि बोट पाण्यात असताना गनचं काम करू का? जनरेटर आहे.

---

अंबड_पॅनेलवाला

केबल इन्सुलेशनसकट १०.५ ते ११ मिमी, थिंबलची नळीही त्याच आसपास. १२.७ ची स्लीव्ह जाईल, पण वरचा ८० टक्क्यांचा नियम लावला तर ती १०.२ ला येते, म्हणजे आकसायला वावच नाही. १९ मिमीची घ्या, ६ पर्यंत येते. लांबी ५५ ते ६०: थिंबलची नळी पूर्ण झाकून केबलवर २५ मिमी. थिंबल दाबण्याआधी स्लीव्ह केबलवर ओवून ठेवा, आणि हातभर मागे.  आकसलेली स्लीव्ह चुकली तर उभी चिरून काढा; थिंबलचा चपटा भाग १६ मिमीच्या आसपास रुंद असतो, त्यावरून नवी १९ ची जाते.

दाबल्यावर षटकोनी डायच्या कडांना धारदार पाकळी निघते. ती कानसेने घासून घ्या, नाहीतर आकसताना स्लीव्ह तिथे कापली जाते. बाहेर डोकावणारी एखादी सुटी तारही तेच करते. गरम करताना आधी थिंबलचा चपटा भाग तापवा, धातूतून उष्णता आत जाते. मिनिट-दीड मिनिट लागेल, घाई नको. बोल्ट बसतो त्या चपट्या तोंडावर ग्लू येऊ देऊ नका. तो तिथे गेला तर बॅटरीच्या टर्मिनलशी तांबं पूर्ण टेकत नाही आणि सेल्फ मारताना तिथेच गरम होतं.

एक राहिलं. स्लीव्ह घालण्याआधी वायरवरचं तेल, बोटांचा घाम, सिलिकॉन ग्रीस पुसून घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, थिनर नको, तो पीव्हीसी मऊ करतो. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय गन लावू नका. ग्रीस लावायचंच असेल तर सगळं झाल्यावर प्लगच्या पिनांना. टेफ्लॉन किंवा सिलिकॉनच्या वायरला हा ग्लू चिकटतच नाही, पीव्हीसीला चांगला चिकटतो.

---

खाडीकाठ

बोटीवर गनचं काम: शक्यतो करूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात जाऊन बसते. ज्योत तर नकोच, पण हीट गनची कॉइल लालबुंद असते आणि तिच्या मोटरच्या ब्रशला ठिणगी पडते, म्हणजे गनही पेटवायला पुरेशी. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

त्यापेक्षा वायरिंगची पूर्ण वेणी घरी टेबलावर तयार करा. बोटीत दोरी टाकून लांबी घ्या, प्रत्येक वायरला हातभर जादा ठेवा, थिंबल आणि जॉइंट सगळे घरीच बसवा. बोटीवर फक्त स्क्रू आवळायचे. दोन-तीन जॉइंट तिथेच करावे लागले तर बोट ट्रेलरवर काढा, पेट्रोलची टाकी आणि नळी उतरवून लांब ठेवा, बॅटरी बाहेर काढा, तळातलं पाणी उपसून सगळी झाकणं उघडून चांगला वारा खेळू द्या. गन २३० व्होल्टवर चालते, हात ओले असतात, तेव्हा ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) मधे हवीच. जनरेटर बोटीपासून लांब. फायबरच्या अगदी जवळ गन धरू नका, रेझिन मऊ होतं. मागे ओल्या गोणपाटाचा तुकडा किंवा पत्रा धरा.

आता फ्लोट स्विचची दोनास एक जोडणी. इथेच बहुतेक गळती होते, आणि नेमकी सगळ्यात खाली, पाण्यात. दोन गोल वायरी एकत्र स्लीव्हमध्ये गेल्या की त्यांच्या मधे त्रिकोणी पोकळी राहते. स्लीव्ह बाहेरून दोघींना कवटाळते, पण ती पोकळी ग्लूने आपोआप भरत नाही.

माप असं. एका बाजूला अडीचच्या दोन, मिळून पाच, म्हणजे पिवळ्या मापाचा उघडा कनेक्टर. दुसऱ्या बाजूला एकटी अडीच; ती तशीच घातली तर सैल राहील, म्हणून तिच्या तारा दुप्पट सोलून दुमडा, पाच भरतात. दोन वायरींची जोडी ७.४ मिमी रुंद, एकटी ३.७. तर ९.५ मिमीची स्लीव्ह: जोडीवरून जाते आणि ३.२ पर्यंत येऊन एकटीलाही धरते. लांबी ६० घ्या, जोडीच्या बाजूला २५ यायला हवी.

आकसवण्याआधी दोन वायरींच्या मधे, स्लीव्हच्या तोंडापासून ५ मिमी आत, ग्लू गनच्या कांडीचा चपटा कापलेला तुकडा ठेवा. दोन मिमी जाड, दहा लांब, बस्स. मग नेहमीप्रमाणे गरम करा. तोंडाशी ग्लू दिसायला लागला की गन बाजूला ठेवून लगेच चपट्या नोज प्लायरने दोन वायरींच्या मधली स्लीव्ह वरून-खालून हलकी चिमटा, दोन्ही भिंती मधे टेकेपर्यंत. तसंच वीस सेकंद धरा. प्लायरच्या तोंडाला थेंबभर पाणी लावलं की ग्लू त्याला चिकटत नाही. सोडल्यावर टोकाला आठाच्या आकड्यासारखा आकार दिसला की जमलं. मधे काळी टिंब दिसली तर ते भोक आहे, परत गरम करून परत चिमटा. हा तुकडा फक्त तळातल्या जॉइंटला. आउटबोर्डच्या उष्ण भागाजवळ ग्लूवर भरवसा ठेवू नका, तिथल्या वायरी दूर बांधा.

तरी खरं सांगायचं तर हा जॉइंट पाण्यात ठेवूच नये. पंपाची आणि स्विचची वायर तळातून थेट वर न्या, पाणी पोचत नाही तिथे जोडा, आणि जोडण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळून आलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाईल.

---

डाग_मारतो_सातपूर

हादऱ्यांचं पटलं. पण गंगापूरचं पाणी गोडं आहे, त्यासाठी एवढं करायची गरज आहे का? खाडीसाठी ठीक.

---

खाडीकाठ

गोड्या पाण्यात वेग कमी, प्रकार तोच. ओल आणि सतत १२ व्होल्ट एकत्र आले की प्लसच्या बाजूचं तांबं झिजतं. फ्लोट स्विचच्या वायरीवर बोट उभी असतानाही व्होल्टेज असतंच. त्यात तळातलं पाणी नुसतं गोडं कुठे असतं, गाळ, तेल, धुण्याचा साबण सगळं त्यात.

शंका असेल तर बोटीला लावण्याआधी एक नमुना जॉइंट करून तपासा. पेल्यात पाणी, त्यात दोन चमचे मीठ. जॉइंट त्यात बुडवा, वायरीची दोन्ही टोकं बाहेर, रात्रभर ठेवा. सकाळी मल्टिमीटर सगळ्यात वरच्या मेगओहमच्या रेंजला ठेवून एक प्रोब तांब्याला, दुसरी पाण्यात. रेंजच्या बाहेरचं चिन्ह आलं तर पक्का. किलोओहममध्ये आकडा आला तर पाणी आत गेलंय. मग तो जॉइंट कटरने उभा चिरा आणि ग्लू कुठे पोचला नाही ते बघा. वाया गेलेल्या एका तुकड्यात कळेल की तुमची गन किती वेळ धरायला हवी.

---

गंगापूर_बॅकवॉटर

समजलं. मग ती १० मीटर पातळ स्लीव्ह वाया गेली म्हणायची?

---

अंबड_पॅनेलवाला

नाही, तिचं काम वेगळं आहे. वेणीला दर ३० सेंमीला तिचा तुकडा घालून वायरी एकत्र बांधा, झिप टायपेक्षा बरं, कड बोचत नाही. सगळ्या वायरी त्यात आधी ओवाव्या लागतात हे लक्षात ठेवा. स्विच पॅनेलच्या मागे, कोरड्या जागी, स्पेडच्या (पिनेवर सरकवायच्या चपट्या कनेक्टरच्या) मागच्या भागावर चालेल. पण पुढे सरकून पिनेवर आली तर स्पेड पूर्ण बसत नाही.

आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी: "पंप", "पुढचा दिवा", "हॉर्न". बॉलपेनने लिहा, जेलची शाई पसरते. वर पारदर्शक ग्लूवाली स्लीव्ह, चिठ्ठीपेक्षा दोन्हीकडे ५ मिमी लांब. त्यासाठी ६.४ ची पारदर्शक एक कांडी वेगळी घ्या. ही चिठ्ठीची स्लीव्हसुद्धा थिंबल दाबण्याआधीच ओवायची, आणि जॉइंटच्या स्लीव्हच्या मागे.